डोळे आले की डोळ्यात मध, गुलाबपाणी, धन्याचं पाणी? माझं मत: डोळ्याच्या आत घरचं काहीही घालू नका

लालबागची_मानसी
गेल्या शनिवारी माझ्या सहा वर्षांच्या लेकाचे डोळे आले. सकाळी पापण्या चिपडांनी इतक्या चिकटल्या होत्या की उघडेचनात, तो घाबरून रडायला लागला आणि दहा मिनिटांत सगळ्या मजल्याला कळलं. शेजारच्या काकू मध घेऊन आल्या, समोरच्या वहिनी गुलाबपाण्याची बाटली, कोपऱ्यातल्या खोलीत बाळंतीण आहे तिची आई म्हणाली दोन थेंब दूध वाटीत काढून देते, आणि सासूबाईंनी तोवर धने भिजत घातलेले. सगळी जीव लावणारी माणसं, रात्री-अपरात्री धावून येणारी. तरी मी नाही म्हटलं. पाणी उकळून कोमट केलं, कापूस बुडवून नाकाकडून कानाकडे असं पुसलं, एक बोळा एकदाच आणि एकाच डोळ्याला, आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले.

कारण सांगते. २०२३ च्या पावसाळ्यात साथ होती तेव्हा माझेच डोळे आलेले आणि मी मध घातला होता, पोळीला लावतो तोच, बरणीतला. आग आग झाली, मी डोळा चोळला. तिसऱ्या दिवशी उजेड सहन होईना, समोरचं सगळं धुरकट. डॉक्टरांनी केशरी रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बघितलं, म्हणाले बुबुळावर जखम आहे, उशीर केला असतात तर फूल पडलं असतं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग. मधाने झालं की चोळण्याने, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पण चोळलं ते मधाने झोंबलं म्हणूनच ना?

तर माझं म्हणणं एवढंच, बाहेरून काय करायचं ते करा, आत थेंबही नको. तुम्हाला काय वाटतं?

दादरच्या_आजी
मानसी, तुझ्या बाबतीत झालं ते वाईट झालं, पण त्यावरून सगळंच मोडीत काढू नकोस गं. आमच्याकडे धन्याचं पाणी माझ्या सासूबाईंपासून चालत आलंय. चमचाभर धने रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळायचे, निवले की मलमलच्या स्वच्छ धुतलेल्या फडक्यातून चारदा गाळायचे, एक कण राहता कामा नये, आणि त्याने डोळे धुवायचे. माझी तीन मुलं आणि दोन नातवंडं, सगळ्यांचे डोळे कधी ना कधी आले, सगळे आठवड्याभरात बरे. कुणाच्या डोळ्यात फूल पडलं नाही. तुम्ही आजीबाईचा बटवा म्हणून हसता, पण त्या बटव्यावरच घरं उभी राहिली.

चष्म्यामागून
आजी, हसत नाही हो. मी डोळे तपासायचं काम करतो, रोज पन्नासेक माणसं बघतो, म्हणून लिहितोय. साथीत डोळे येतात ते बहुतेक वेळा व्हायरसने, जास्त करून अॅडिनोव्हायरस. तो पहिले चार-पाच दिवस चढतो आणि मग आपला आपण उतरतो, कुणाला आठवडा, कुणाला दोन, कधी तीन. म्हणजे त्या दिवसांत तुम्ही धने घाला, मध घाला नाहीतर काहीच घालू नका, डोळे बरे होणारच असतात आणि श्रेय शेवटी जे घातलं त्याला जातं. ज्या एखाद्याचं बिघडतं तो मात्र परत आजीकडे येत नाही, तो आमच्याकडे येतो.

उकळलेलं पाणीसुद्धा वाटीत तासभर उघडं राहिलं की निर्जंतुक राहत नाही. मधाचं म्हणाल तर परदेशात डोळ्यांसाठी मधाचे थेंब मिळतात, पण ते खास निर्जंतुक केलेले, स्वयंपाकघरातली बरणी वेगळी. बाळंतिणीचं दूध तर नकोच, त्यातून जंतू उलट आत जातात.

नऊ_दोनची_लोकल
मानसीताई, डॉक्टरकडे जा म्हणणं सोपं आहे. मी डोंबिवलीहून येतो, कंत्राटी नोकरी आहे, रजा घेतली की पगार कापतात. माझे डोळे आले तेव्हा आमच्या भागातल्या डॉक्टरने ८०० रुपये घेतले, दोन मिनिटं बॅटरी मारली आणि अँटिबायोटिक थेंब लिहून दिले. आता वरचे दादा म्हणतायत व्हायरसने येतात, मग व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही हे मलापण माहितीये, मग मला ते का दिले? वीस रुपयांचं गुलाबपाणी घातलं तर मी अडाणी आणि त्यांनी उपयोग नसलेलं औषध दिलं तर ते शास्त्र?? बायकोच्या वेळी केमिस्टकडून थेट थेंब आणले, एका दिवसात लाली गेली, काम झालं.

चष्म्यामागून
तुमचा राग खरा आहे, गरज नसताना अँटिबायोटिक लिहिली जातात. घट्ट पिवळा पू येत असेल, बॅक्टेरियाचं असेल, तर त्यांचा उपयोग असतो. पण एका दिवसात लाली गेली म्हणालात त्यानेच मला काळजी वाटते. असे थेंब बरेचदा स्टिरॉइडचे असतात. लाली जाते, रोग जात नाही. नागिणीच्या जातीचा व्हायरस डोळ्यात असेल तर स्टिरॉइडने बुबुळाची वाट लागते, आणि महिनोन् महिने घालत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होतो. गुलाबपाण्यापेक्षा हे वाईट. ती बाटली घरात असेल तर त्यावरचं नाव वाचा आणि पुढच्या वेळी कुणाला देऊ नका, प्लीज.

लालबागची_मानसी
दादा, पैशाचं तुमचं म्हणणं मला पटतं. मी लेकाला महापालिकेच्या दवाखान्यातच नेलं, खर्च असा काही आला नाही, वेळ मात्र गेला. आणि कामाठीपुऱ्यात पालिकेचं डोळ्यांचंच हॉस्पिटल आहे, जवळ असेल त्यांनी लक्षात ठेवा.

त्रिफळा_आणि_मी
मी आयुर्वेद शिकतेय. इथे घरगुती म्हणजेच आयुर्वेद असं धरून सगळे बोलताहेत म्हणून राहवलं नाही. डोळे येण्याला आमच्याकडे नेत्राभिष्यंद म्हणतात, सुश्रुताने डोळ्यांचे ७६ रोग सांगितले त्यात हा आहे, आणि त्याचेही वात, पित्त, कफ, रक्त असे चार प्रकार, प्रत्येकाचे उपचार वेगळे. त्रिफळ्याचा काढा डोळ्यांसाठी सांगितलाय हे खरं, पण म्हणून बाजारातलं चूर्ण रात्री पाण्यात टाकून सकाळी चहाच्या गाळणीने गाळून डोळ्यात घालणं म्हणजे आयुर्वेद नाही, त्यातला बारीक कण बुबुळावर घासला तर खरचटतं. वैद्यांनी बघून सांगितलं तर करा. आजी चारदा गाळतात, किती जण गाळतात? पण आमचं सगळं निरुपयोगी असं चष्मेवाल्या दादांचं मत असेल तर तेही मला मान्य नाही.

चष्म्यामागून
निरुपयोगी म्हटलं नाही मी. न तपासता घालू नका म्हटलं.

गिरगावचे_काका
१९७१ ची साथ मी पाहिलीय, मी तेव्हा दहा वर्षांचा. बंगालमध्ये तिला जय बांगला म्हणायचे, बांगलादेशचं युद्ध चालू होतं ना. मुंबईतही घराघरात डोळे लाल. आम्ही एका खोलीत नऊ माणसं आणि दोन टॉवेल, काय होणार, नऊच्या नऊ जणांचे आले. आईने कुणाच्या डोळ्यात काही घातलं नाही, माठातल्या पाण्याच्या गार पट्ट्या ठेवायची मिटलेल्या डोळ्यांवर. बरे झालो सगळे. तेव्हा सगळ्यांची समजूत की बघितलं की येतात, म्हणून काळा चष्मा. नुसतं बघून येत नाहीत, हाताने येतात. डोळ्याचा हात दाराच्या कडीला, कडीचा हात दुसऱ्याच्या डोळ्याला.

वाशी_ते_बीकेसी
लेन्स वापरणाऱ्यांनी तर घरी थांबूच नका. डोळे लाल झाले की आधी लेन्स काढा आणि नळाच्या पाण्याने धुऊ नका, त्यातला अकांथामिबा नावाचा सूक्ष्म जीव लेन्सखाली बसला तर महिनोन् महिने उपचार चालतात. आणि मला रांजणवाडी आलीय, आई लवंग उगाळून लाव म्हणतेय. लावू का?

चष्म्यामागून
लवंग नको, कडेला लावली तरी ओघळून आत जाते आणि भयंकर झोंबते. आपल्याकडे बोट तळहातावर घासून गरम करून टेकवतात ना, त्यातला गरम शेक बरोबर आहे. स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. फोडू नका.

आणि डोळे आलेल्यांपैकी कुणाला खूप दुखतंय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय किंवा महिन्याच्या आतलं बाळ आहे, तर आजच्या आज डॉक्टर.

नऊ_दोनची_लोकल
बाटली बघितली. डेक्सामेथासोन लिहिलंय, म्हणजे स्टिरॉइडच. फेकली. पण रजेचं काय ते कुणीच बोललं नाही, मी डोळे घेऊन ट्रेनमध्ये दांडा धरून उभा होतो, माझ्यामुळे किती जणांना झालं असेल.

दादरच्या_आजी
बाळा, तुझा काय दोष त्यात. मानसी, मी अजून म्हणते की धन्याच्या पाण्याने थंडावा येतो, ते मी सोडणार नाही. पण काकांच्या आईसारखं करीन, मिटलेल्या डोळ्यांवर पट्टी. आत घालायचं आता मलाही धैर्य होणार नाही, ते बुबुळाचं वाचून. लेक कसा आहे?

लालबागची_मानसी
आजी, बरा आहे, आज डावा डोळा जवळजवळ पांढरा झालाय. सासूबाईंनी भिजवलेले धने काल आमटीत गेले. त्याचा टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगलाय आणि उशीचा अभ्रा रोज धुतेय, पावसात वाळत नाही म्हणून इस्त्रीने वाळवते.