शब्दचर्चा: ‘अ‍ॅथलेटिक डायरेक्टर’ला काय म्हणावं, आणि त्याचं कौतुक करावं का?

गोदाकाठ
अमेरिकेत गेन्सव्हिलला शिकायला होतो तेव्हापासून मी फ्लोरिडा गेटर्सचा, म्हणजे तिथल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघांचा चाहता. जेरेमी फोली यांच्यावर मराठी मंडळाच्या अंकासाठी छोटं टिपण लिहितोय. १९७६ साली हा माणूस तिकीट कार्यालयात इंटर्न म्हणून लागला, १९९२ मध्ये अ‍ॅथलेटिक डायरेक्टर झाला आणि २०१६ मध्ये त्या पदावरून उतरला. पहिल्याच वाक्याला गाडी अडली आहे: ‘फ्लोरिडा विद्यापीठाचे माजी ____ जेरेमी फोली यांचं चाहत्यांना फार कौतुक आहे.’ भाषांतराच्या यंत्राने ‘मैदानी क्रीडा संचालक’ सुचवलं. बरोबर वाटतंय का?

तिरपागडा
‘मैदानी’ नको हो. आपल्याकडे अ‍ॅथलेटिक्स म्हणजे धावणं, उड्या, गोळा-थाळी-भाला. अमेरिकन कॉलेजात त्या शब्दात सगळेच खेळ येतात. फोलींच्या कारकिर्दीत फ्लोरिडाने २७ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यांत सॉफ्टबॉल आहे, जिम्नॅस्टिक्स आहे, बास्केटबॉल आहे. ‘मैदानी’ लिहिलंत तर वाचक त्यांच्या हातात स्टॉपवॉच देईल.

रानवारा
नुसतं ‘क्रीडा संचालक’ लिहा की.

पीडीसर
मी त्याच जातकुळीतला, म्हणून बोलतो. दारावर पाटी ‘शारीरिक शिक्षण संचालक’, पोरांच्या तोंडी ‘पीडी सर’, आणि प्राचार्यांच्या लेखी ‘जिमखान्याचं बघणारे’. माझं काम म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला संघ पाठवणं, टीए-डीएची बिलं लावणं आणि स्टोअरच्या चाव्या सांभाळणं. नेटचा बंडल हवा असला तरी तीन कोटेशनं.

फोलींचं काम वेगळ्याच पातळीवरचं. तिथे खेळांचा कारभार ‘युनिव्हर्सिटी अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ नावाची वेगळी संस्था बघते. प्रशिक्षक नेमायचा, काढायचा, त्याचा करार करायचा, देणगीदार सांभाळायचे, सगळं यांच्या टेबलावर. ‘क्रीडा संचालक’ म्हटलं की मराठी वाचकाला एक तर मी दिसेन, नाही तर सरकारी क्रीडा संचालनालयातले साहेब. म्हणून माझं मत ‘क्रीडा विभागाचे प्रमुख’. लांब आहे, पण फसवत नाही.

रानवारा
आणि ‘निदेशक’?

पीडीसर
तो हिंदीकडून येतो. आपल्याकडे निदेशक म्हटलं की आयटीआयमधला शिकवणारा. ‘दिग्दर्शक’ तर सिनेमावाल्यांनी कधीच नेला.

मायमराठी_०७
पदनाम सुटलं असेल तर वाक्याच्या शेपटाकडे बघा. मला खटकतंय ते ‘कौतुक’. संस्कृतात त्याचा अर्थ कुतूहल, नवल. मराठीत तो मायेकडे वळला आणि वरून खाली वाहायला लागला. आजी नातवाचं कौतुक करते, मास्तर पोराचं करतात. नातू म्हणाला, ‘मला आजीचं फार कौतुक वाटतं’, तर चालतं, कारण त्यात नवल शिल्लक आहे. पण ‘मी आमच्या प्राचार्यांचं कौतुक केलं’ म्हणून बघा. आगाऊपणाचा वास येतो की नाही? चाळीस वर्षं एका संस्थेत घालवलेल्या माणसाच्या पाठीवर प्रेक्षकाने थाप मारल्यासारखं होतं.

तिरपागडा
मग ‘दाद’?

मायमराठी_०७
दाद मजेदार शब्द आहे. फारसीत त्याचा अर्थ न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो आणि मैफलीत दाद देतो. पण दाद त्या क्षणाची असते. तान घेतली, दाद दिली. षटकार गेला, दाद दिली. कार्यालयात बसून करारावर सही करणाऱ्याला दाद कुठल्या क्षणी देणार? ‘कदर’ जवळचा आहे, त्यात मोल ओळखणं आहे. मात्र तो बहुतेक वेळा तक्रारीतच भेटतो: ‘इथे कामाची कदर नाही.’

रानवारा
मला तर ‘२४ वर्षं एकाच पदावर’ हेच मराठीत कौतुकाचं वाटत नाही. आपण म्हणतो ठाण मांडून बसला, खुर्ची सोडत नाही. क्रीडा संघटनांनी आपल्या कानांना ती सवय लावली आहे. फोली उतरले त्याच २०१६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लोढा समितीच्या शिफारशी मान्य केल्या आणि क्रिकेटच्या पदाधिकाऱ्यांच्या मुदतीवर मर्यादा आली. तिकडे निरोप, इकडे लगाम. ‘दीर्घकाळ पदावर राहिलेले’ असं लिहिलंत तर अर्धे वाचक भुवया उंचावतील.

पीडीसर
त्यासाठी ‘पद’ शब्दच टाळा. ‘उभी हयात घालवली’ म्हणा. पदावर बसतात, हयात घालवतात. क्रियापदातच फरक आहे.

गोदाकाठ
वा. आणि ‘कौतुक’च्या जागी ‘जाण’ कसं वाटतं? ‘चाहत्यांना त्यांच्या कामाची जाण आहे.’ जुने-जाणतेमधला जाणताही जवळच उभा आहे.

मायमराठी_०७
छान. जाणीव म्हणजे फक्त कळणं. जाण म्हणजे कळलेलं मनात ठेवणं. उपकाराची जाण असते, तशीच.

तिरपागडा
थांबा, वाक्य खरं आहे का तेही तपासू. अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक स्टीव्ह स्परिअर पद सोडून गेल्यावर फोलींनी २००२ मध्ये त्यांच्या जागी रॉन झूक यांना नेमलं, तेव्हा याच चाहत्यांनी ‘झूकना काढा’ म्हणणारं संकेतस्थळ उघडलं होतं. संघ अजून एकही सामना खेळला नव्हता! तेव्हा कुठली जाण?

गोदाकाठ
ते खरं आहे. २००४ च्या हंगामातच झूकना जावं लागलं आणि फोलींनी अर्बन मायरना आणलं. २००६ च्या हंगामात फुटबॉलचं विजेतेपद आलं. बिली डोनोव्हन यांना त्यांनी आधीच, १९९६ मध्ये, बास्केटबॉलसाठी आणून ठेवलं होतं; त्या संघाने २००६ आणि २००७ अशी दोन्ही वर्षं जिंकली. एकाच शैक्षणिक वर्षात दोन्ही खेळांचं विजेतेपद मिळवणारं फ्लोरिडा पहिलं. पुढे फुटबॉलचेच प्रशिक्षक विल मस्चॅम्प यांच्या वेळी पुन्हा शिव्या सुरू. मीही दिल्या आहेत, टीव्हीसमोर बसून, मराठीत.

मायमराठी_०७
मग क्रियापद बदला. ‘जाण आहे’ नको, ‘जाण आली’ लिहा.

गोदाकाठ
‘फ्लोरिडा विद्यापीठाच्या खेळांसाठी उभी हयात घालवलेले क्रीडा विभागाचे माजी प्रमुख जेरेमी फोली यांच्या कामाची चाहत्यांना हळूहळू जाण आली.’ चालेल?

पीडीसर
चालेल. ‘हळूहळू’ काढू नका.