मदत हवी आहे: लाल पेशींत रिंगा आणि ठिपके, कोणता परजीवी?

संगमनेरकर_लॅब
नमस्कार. तातडीचं आहे म्हणून थेट विचारतो. स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) केलाय, लीशमन स्टेन (रंग), ऑइल टाकून १०० च्या लेन्सखाली बघतोय. लाल पेशींत बारीक रिंगा आहेत, काही स्वल्पविरामाच्या आकाराचे, तर काही पेशींत नुसताच गडद ठिपका. एकेका पेशीत दोन-दोन, तीन-तीनही आहेत. ताप १०५ च्या वर, परवापासून खाणं बंद. मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियन आहे, मलेरियाच्या काचा नेहमीच्या आहेत, पण हे तसं दिसत नाही. फोटो मोबाइलने काढलेत, जेमतेमच आलेत. नाव कळलं की औषध सुरू करता येईल. कृपया लवकर सांगा.

लॅबवाली_नाशिक
एका पेशीत दोन-तीन रिंगा म्हणजे फाल्सिपॅरम, मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार, समजूनच चाला. व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारात असं क्वचित दिसतं. रॅपिड कार्ड टेस्ट केली का? १०५ ताप आणि खाणं बंद असेल तर घरी ठेवू नका, आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात हलवा. काच नंतर बघता येईल.

काचेमागे
ताई, हलवण्याबद्दल सहमत, पण फाल्सिपॅरम म्हणायची घाई नको. संगमनेरकर, रिंग असलेली पेशी शेजारच्या पेशींपेक्षा मोठी दिसते का? तिच्यात गुलाबी बारीक ठिपके आहेत का? तसं असेल तर व्हायवॅक्स. केळीच्या घडातल्या केळ्यासारखे वाकडे, फाल्सिपॅरमचे गॅमेटोसाइट (परजीवीची लैंगिक अवस्था) कुठे दिसले का? आणि मुख्य म्हणजे तपकिरी-काळं रंगद्रव्य आहे का? प्लास्मोडियम, म्हणजे मलेरियाचा परजीवी, हिमोग्लोबिन खातो, त्याचा अवशेष पेशीत साठतो. संपूर्ण काचेत ते कुठेच नसेल तर मलेरियावर शंका घ्या.

लॅबवाली_नाशिक
कोवळ्या रिंगांत रंगद्रव्य दिसतच नाही. फाल्सिपॅरममध्ये बाहेरच्या रक्तात बहुतेक वेळा कोवळ्या रिंगाच मिळतात, मोठे झालेले परजीवी आतल्या केशवाहिन्यांत चिकटून बसतात. रंगद्रव्य नाही म्हणून मलेरिया नाही असं कुणी धरून चाललं तर रुग्ण जाईल.

काचेमागे
मी 'शंका घ्या' म्हटलंय, 'नाही' म्हटलेलं नाही. स्वल्पविरामाचे आकार मला खटकतायत. रुग्णाचं वय काय? कुठे प्रवास झाला होता? थेंब थेट बोटातून घेतला की बल्बमधून?

निवांत_वाचक
मोबाइलने फोटो घेताना हात हलतो, त्यासाठी आयपीसवर बसणारा अ‍ॅडाप्टर मिळतो, तो घ्या. फोकस लॉक करा, झूम वापरू नका. फोल्डस्कोपही बघा, मनू प्रकाश यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला कागदी सूक्ष्मदर्शक. माझ्या मुलीने त्यातून तळ्याच्या पाण्यातला पॅरामेशियम पाहिला, फार छान दिसतो.

काचेमागे
फोल्डस्कोप सुंदर वस्तू आहे, पण इथे ऑइल इमर्शनच लागेल. एक मायक्रॉनच्या आतबाहेरचा प्रश्न आहे.

संगमनेरकर_लॅब
वय, प्रवास कसला विचारताय? आमची गाय आहे. एचएफ (होल्स्टीन) संकरित, दुसरं वेत, व्यायला तीन आठवडे झाले. आमचे डॉक्टर बाहेरगावी गेलेत म्हणून रक्त मीच काढलं आणि काच केली. लॅबमध्ये जे होतं ते वापरलं. आता तरी सांगा, हा कोणता परजीवी?

लॅबवाली_नाशिक
मग माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. माणसाचं नाही हे कळल्यावर जीव भांड्यात पडला, पण गाय वाचली पाहिजे. जनावरांतलं कळणारे कुणी आहेत का इथे?

पशुवैद्य_फलटण
आहे. आधी चार गोष्टी सांगा, त्याशिवाय ठिपक्याला नाव देणार नाही.
खांद्यापुढची लसीका गाठ हाताला लागते का? दोन्ही बाजू चाचपा.
लघवीचा रंग कसा आहे? कॉफीसारखा लाल-तपकिरी?
डोळ्याची खालची पापणी उलटून बघा, आतून गुलाबी, पांढरी की पिवळी?
रक्त कधी, कुठून आणि कशात घेतलं?

सह्याद्री_डेअरी
डॉक्टर, प्रश्न नंतर. दादा, हा थायलेरिया आहे, गोचिडीने पसरणारा परजीवी. व्यायलेली संकरित गाय, १०५ ताप, गोचीडही असतीलच, सगळं जुळतंय. ब्युपारवाक्वोन आजच टोचून घ्या. आमच्याकडे लॅबचा रिपोर्ट यायची वाट बघत बसलो आणि १८ लिटरची गाय गेली. काच गाय वाचवत नाही, इंजेक्शन वाचवतं.

पशुवैद्य_फलटण
तुमचं दुःख समजतं, पण इंजेक्शन कुठलं हे काचच सांगते. पेशीच्या कडेला बसलेला गोल गडद ठिपका अ‍ॅनाप्लाझ्मा असू शकतो, आणि तो परजीवी नसून जीवाणू आहे. त्याच्यावर ब्युपारवाक्वोन चालत नाही, ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा इमिडोकार्ब लागतं. मोठे जोडीने बसलेले, टोकाकडे निमुळते आकार असतील तर बबेसिया हा दुसरा परजीवी, त्यावर डिमिनाझिन किंवा इमिडोकार्ब. गावात या सगळ्यांनाच 'गोचीड ताप' म्हणतात आणि मग एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला बसतं. ब्युपारवाक्वोन महागही आहे.

संगमनेरकर_लॅब
लघवी नेहमीसारखी. पापणी फिकट आहे, पिवळी नाही. गोचीड आहेत, ते कुणाच्या गोठ्यात नसतात? रक्त काल सकाळी मानेच्या शिरेतून ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) बल्बमध्ये घेतलं, फ्रिजमध्ये होतं, काच आज केली. मोठ्या जोड्या दिसल्या नाहीत.

पशुवैद्य_फलटण
गाठीचं उत्तर राहिलं.
दरम्यान काचेबद्दल. ईडीटीएमध्ये दिवसभर राहिलेल्या रक्तात पेशी आक्रसतात, काटेरी होतात, परजीवीही आकार बदलतात. कानाच्या कडेला टोचून थेट काचेवर ताजा थेंब घ्या, पातळ स्मिअर ओढा, लगेच हवेत वाळवा. लीशमन चालेल, पण बफरचं पीएच ७.२ घ्या. रोजच्या रक्ततपासणीचं ६.८ चं असेल तर परजीवीचं केंद्रक नीट उठत नाही. जिम्सा स्टेन असेल तर उत्तमच, मात्र त्याआधी मिथेनॉलमध्ये काच पक्की करा.
मापासाठी वेगळी पट्टी नको. गाईची लाल पेशी साधारण साडेपाच ते सहा मायक्रॉनची, माणसाच्या पेशीहून लहान. तुमची नजर माणसाच्या पेशीला सरावलेली असल्याने सगळेच परजीवी मोठे वाटतील. थायलेरियाची रिंग पेशीच्या निम्म्याहूनही लहान असते. बबेसिया बायजेमिना चार-पाच मायक्रॉनचा, जवळजवळ पेशीभर. अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनेल एक मायक्रॉन किंवा त्याहून लहान, भरीव, त्याला आत पोकळी नसते.

काचेमागे
आता स्वल्पविरामांचा उलगडा झाला. थायलेरिया आणि बबेसिया दोघेही रंगद्रव्य सोडत नाहीत. संगमनेरकर, नुसत्या ठिपक्यांसाठी एक करा. फाइन फोकस हळूहळू फिरवा. ठिपका पेशीबरोबरच स्पष्ट झाला तर तो पेशीत आहे. पेशी धूसर झाल्यावर ठिपका चमकत असेल तर तो वर पडलेला स्टेनचा कण. पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेतही तसेच ठिपके आहेत का तेही बघा. आणि प्लेटलेट लाल पेशीवर बसली तर तिच्याभोवती फिकट कडं दिसतं.

जुना_मास्तर
इथे थोडी वर्गवारी सांगतो, म्हणजे नावं डोक्यात नीट बसतील. प्लास्मोडियम, बबेसिया आणि थायलेरिया हे तिघे एपिकॉम्प्लेक्सा या एकाच संघातले आदिजीव. अ‍ॅनाप्लाझ्मा मात्र रिकेट्सियाच्या गोतावळ्यातला जीवाणू. बबेसियाला व्हिक्टर बाबेश या रुमानियन संशोधकाचं नाव मिळालं, थायलेरियाला अर्नोल्ड थायलर यांचं. आणि एक गोष्ट मुलांना मी आवर्जून सांगायचो: रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासात मलेरियाचा जंतू पाहिला, त्याच्या चार वर्षं आधी, १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न यांनी अमेरिकेत गुरांचा ताप गोचीड पसरवते हे सिद्ध केलं होतं. किडा रोग वाहतो हे गुरांच्या गोठ्यातून शिकलो आपण.

सह्याद्री_डेअरी
मास्तर, माहिती छान आहे, पण तिकडे गाय तापाने फणफणतेय. वेगळा धागा काढा, आम्ही वाचू.

देशी_गोपालक
संकरित गाई ठेवल्या की हे होणारच. साहिवाल, गीर आणा. गोचीड ताप त्यांना सोसतो.

पशुवैद्य_फलटण
साहिवालमध्ये थायलेरियाचा आजार सौम्य जातो हे खरं, पण लागण त्यांनाही होते. बरी झालेली गाय पुढे कित्येक महिने रक्तात थोड्या रिंगा बाळगून असते, दिसायला ठणठणीत. म्हणूनच नुसती रिंग दिसली म्हणजे आजचा ताप तिच्यामुळेच आलाय असं ठरत नाही. रिंगा किती, रक्त किती कमी झालंय आणि गाठ कशी आहे हे एकत्र बघावं लागतं. संगमनेरकर, गाठ?

संगमनेरकर_लॅब
आत्ता चाचपून आलो. उजव्या खांद्यापुढे टणक गाठ आहे, मोठ्या लिंबाएवढी, दाबलं की गाय अंग काढून घेते. डावीकडे कमी. कानाच्या ताज्या रक्ताची काच केली, स्टेन गाळून घेतला. बरेच ठिपके गेले, म्हणजे ते स्टेनचेच होते. रिंगा मात्र आहेत, पेशीच्या निम्म्याहून लहान. सेल काउंटरवर रक्त लावलं तर आकडे विचित्र आले.

लॅबवाली_नाशिक
काउंटर माणसाच्या पेशीवर बेतलेला असतो, गाईच्या लहान पेशी मोजताना चुकतो. केशनळीत रक्त भरून सेंट्रिफ्यूज करा आणि पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का) हातानेच मोजा. तो खोटं बोलत नाही.

पशुवैद्य_फलटण
ताईंचा सल्ला योग्य. गाईचा पीसीव्ही २४ च्या खाली म्हणजे रक्त कमी.
आता मुख्य काम. थायलेरियाची खात्री लाल पेशीत होत नाही, गाठीत होते. गाठीत सुई घालून पाणी काढायचं आणि त्याची काच जिम्सात रंगवायची. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच्या निळसर द्रवात जांभळट-लाल दाण्यांचे पुंजके दिसले तर ते थायलेरियाचे शायझाँट (परजीवीची पेशीत वाढणारी अवस्था), कॉखच्या नावाने ओळखले जाणारे निळे पिंड. ते सापडले की आजार आत्ताचा आणि चालू आहे. गाठीत सुई स्वतः घालू नका, ते डॉक्टरांचं काम. १९६२ वर फोन करा, फिरतं पशुवैद्यकीय पथक येतं. दोन्ही काचा इंजेक्शनच्या आधी घ्या, नंतर घेतल्या तर वाचणं अवघड होतं.

सह्याद्री_डेअरी
आणि पथक आलंच नाही तर? डॉक्टर, खरं सांगा, अशी गाठ आणि असा ताप बघून तुम्ही काच होईपर्यंत थांबाल?

पशुवैद्य_फलटण
नाही. गाठ सुजलेली, ताप १०५, रिंगा दिसलेल्या, तर मी काच घेईन आणि त्याच भेटीत इंजेक्शन देईन. तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझा आग्रह इतकाच, की सुई डॉक्टरच्या हातची हवी, मात्रा वजन बघून आणि मांसात खोल. मेडिकलमधून बाटली आणून घरी टोचणं नको.

संगमनेरकर_लॅब
१९६२ वर बोललो. सकाळी येतो म्हणालेत.

संगमनेरकर_लॅब
पथकातल्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. गाठीतून पाणी काढलं, मी तिथेच दोन काचा केल्या. जिम्सा आमच्याकडे होता. निळे पिंड स्पष्ट दिसले, एका लिम्फोसाइटमध्ये तर दाणे मोजता येतील इतके मोकळे. पीसीव्ही १९. मॅडमनी ब्युपारवाक्वोन दिलं, सोबत ऑक्सिटेट्रासायक्लिन, ४८ तासांनी पुन्हा बघणार. संध्याकाळी ताप १०३ वर आलाय, थोडा ओला चारा खाल्ला. पण अजून काही पेशींत एकच गोल गडद ठिपका आहे, फोकसमध्ये पेशीबरोबरच येतो. तो अ‍ॅनाप्लाझ्माच का?

काचेमागे
रक्त कमी झालं की हाडांच्या मगजातून कोवळ्या पेशी बाहेर पडतात, त्यात केंद्रकाचा उरलेला तुकडा असतो, हॉवेल-जॉली बॉडी. गोल, गुळगुळीत, एका पेशीत बहुधा एकच. शेजारी मोठ्या, निळसर झाक असलेल्या पेशी दिसतायत का?

संगमनेरकर_लॅब
हो, बऱ्याच आहेत.

पशुवैद्य_फलटण
मग शरीर रक्त बनवायला लागलंय, चांगली खूण आहे. अ‍ॅनाप्लाझ्माची शंका उरली तरी ऑक्सिटेट्रासायक्लिन सुरू आहेच. ती काच जपून ठेवा, ४८ तासांनंतरच्या काचेशी ताडून बघा.
गोठ्यात आणखी जनावरं किती? त्यांचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजा. गोचिडीच्या पायांवर पट्टे दिसले तर ती हायलोमा, थायलेरिया पसरवणारी. बबेसियावाली गोचीड जनावराच्या अंगावरच मोठी होते, ही मात्र रक्त पिऊन उतरते आणि भिंतीच्या भेगांत दडते. नुसत्या गाईच्या अंगावर औषध मारून भागत नाही. चिकटल्यावर ती लगेच रोग देत नाही, जंतू तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून रोज हात फिरवून गोचीड काढली तरी पुष्कळ वाचतं.

देशी_गोपालक
करंजाचं तेल अंगाला लावा, आम्ही तेच करतो.

पशुवैद्य_फलटण
लावा, पण भेगा सोडू नका.

संगमनेरकर_लॅब
दोन गाई आणि एक कालवड आहे. कालवडीच्या कानात पट्टेवाल्या सापडल्या, ताप अजून नाही. कुडाच्या भिंतीत भेगाच भेगा आहेत, उद्या सिमेंटने बुजवतो. कालवडीला लस आता देता येईल का?

पशुवैद्य_फलटण
थायलेरियाची लस आहे, जिवंत पण दुबळ्या केलेल्या शायझाँटची, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. ती सध्या निरोगी असलेल्या जनावरालाच. कालवडीच्या अंगावर गोचीड मिळाल्यात, तेव्हा आधी काही आठवडे ताप बघा, गाठ चाचपा, एक काच करा. मग मॅडमना विचारून ठरवा.

लॅबवाली_नाशिक
गाठीच्या काचेचे फोटो इथे नक्की टाका. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना दाखवायचे आहेत.