राग माझा की माझ्या हार्मोन्सचा?

रातकिडा:
झोप झाली नाही किंवा जेवायला उशीर झाला की मी कोणावरही खेकसतो, अगदी "चार्जर कुठंय" एवढ्यावरून सुद्धा, आणि पोटात चार घास गेले की तोच मी एकदम शहाणा. मग स्वभाव म्हणून काही असतं की नाही, का सगळी केमिकल्सचीच करामत? कृपया "ध्यान करा" सोडून काहीतरी सांगा.

अर्धा कप:
भुकेचं सोपंय. रक्तातली साखर जास्तच खाली जायला लागली की शरीर ती वर आणायला अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स सोडतं. धोका दिसला की सुटतात ती पण हीच, म्हणून धडधड, थरथर, आणि समोर वाघबिघ कोणी नसतोच, असते बिचारी बायको. झोपेचं गणित वेगळं, तिथे अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीती-रागाचा भाग, जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो.

विक्षिप्त:
हो पण धडधड म्हणजे राग नव्हे ना. १९६२ मध्ये शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना व्हिटॅमिन म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं, काहींना छाती धडधडेल हे आधी सांगितलं, काहींना नाही, आणि शेजारी मुद्दाम एक चिडलेला नाहीतर मजा करणारा माणूस बसवला. ज्यांना माहीत नव्हतं त्यांच्यावर त्या माणसाच्या मूडचा परिणाम जास्त झाला. नंतर कोणी तो प्रयोग परत केला तेव्हा निकाल इतका स्वच्छ आला नाही, हे पण खरं.

भोचक_भवानी:
@विक्षिप्त एवढं पण हलक्यात घेऊ नका. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणाऱ्या गोळ्या देतात, त्यावर काही पेशंटना, ज्यांनी आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, जुगाराचा नाद लागतो, नाहीतर वेड्यासारखी खरेदी. डॉक्टरांनी डोस कमी केला की बऱ्याच जणांचं थांबतं. आता त्या माणसाचा स्वभाव कुठला धरायचा सांगा.

रातकिडा:
बापरे, हे माहीत नव्हतं. म्हणजे बायकोला "अ‍ॅड्रेनॅलिन होतं" सांगून मी सुटत नाही, पण अगदीच खोटं पण नाही 😅

अर्धा कप:
सुटत नाहीसच, भूक लागलेले सगळेच खेकसत नाहीत. फक्त जेवून, झोपून पण चिडचिड आणि धडधड राहत असेल, वजन उतरत असेल, तर थायरॉइड तपासून घे, ते वाढलं की असंच होतं.