मदत हवी आहे : स्वतःच्याच पेशींच्या प्रत्यारोपणानंतर नागपूरचा उन्हाळा आणि कूलर

नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला (वय २९) हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग आहे. एबीव्हीडी नावाच्या केमोच्या सहा सायकल झाल्यावर पेट स्कॅन स्वच्छ आला होता. परंतु वर्षभरातच मानेतील गाठी पुन्हा वाढल्या आणि बायोप्सीत तोच आजार निघाला. दुसऱ्या प्रकारच्या केमोने त्या बऱ्याच आटल्या असून, मार्चमध्ये मुंबईला बोन मॅरो (हाडांतील मज्जा) प्रत्यारोपण ठरले आहे.

घरात लगेच दात्याचा शोध सुरू झाला; मी तर एचएलए तपासणीसाठी (दात्याच्या पेशी रुग्णाशी जुळतात का, ते पाहणारी) निघालोही होतो. तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की हे स्वतःच्याच पेशींचे प्रत्यारोपण आहे. इंजेक्शने देऊन मज्जेतील रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी रक्तात उतरवायच्या, यंत्राने वेगळ्या करून गोठवायच्या, मग बीम नावाची अतितीव्र केमो द्यायची आणि तिने मज्जा रिकामी झाली की त्याच पेशी शिरेतून परत सोडायच्या. म्हणजे आजाराशी लढते ती केमोच; पेशी असतात त्या केमोतून माणूस सावरावा म्हणून. "आजारी अंगातलेच परत अंगात कशाला?" हा आईचा प्रश्न मला रास्त वाटला. त्यावर डॉक्टर म्हणाले की म्हणूनच आधी आजार आटोक्यात आणतात, आणि त्याची मज्जा तपासणीत स्वच्छ आहे.

इथवर समजले. अडचण पुढची आहे. पेशी परत सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी वाढू लागतात, पण प्रतिकारशक्ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात आणि त्या काळात बुरशी, ओल व बांधकामाची धूळ टाळायला सांगितले आहे. आमचे घर म्हणजे नागपूरच्या महाल भागातील जुना वाडा, शेजारी पाडकाम सुरू, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आमचा आधार म्हणजे साचलेल्या पाण्याचा, ओल्या ताट्यांचा कूलर. डॉक्टर मुंबईचे, कूलर म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर नेमके काय आले असेल, याची मला शंका आहे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण उन्हाळ्यात नागपुरात राहिला, त्यांनी काय केले? कूलर पूर्ण बंद ठेवून एका खोलीत एसी बसवला, की काही महिने दुसरीकडे भाड्याने राहिलात? दुसरे म्हणजे, प्रत्यारोपणानंतर रक्त किंवा प्लेटलेट्स चढवाव्या लागल्या तर त्या विकिरण केलेल्याच (दात्याच्या पांढऱ्या पेशी किरणांनी निष्प्रभ केलेल्या) हव्यात असे सांगितले आहे. तशी सोय नागपुरातील कोणत्या रक्तपेढीत आहे आणि किती आधी कळवावे लागते? आम्हाला फेब्रुवारीअखेरपर्यंत खोलीचा निर्णय घ्यायचा आहे.