ट्रंकच्या फोटोखाली दुसरं कव्हर असेल तर? वाफ देऊ की नको?

खानापूर_एलपी

नमस्कार मंडळी. बेळगाव कॅम्पातल्या एका घरातल्या ४० एलपी एकगठ्ठा विकायला काढल्यात. त्यात बीटल्सची 'यस्टर्डे अँड टुडे' आहे. कॅपिटॉल कंपनीची, अमेरिकन, क्रमांक टी २५५३, म्हणजे मोनो (स्टिरिओ नव्हे). कव्हरवर ट्रंकचा फोटो. विकणारे म्हणतात, खाली 'बुचर' (खाटकाच्या वेशातलं, मागं घेतलेलं) कव्हर आहे, त्यामुळं ह्या एका रेकॉर्डचा भाव वेगळा. दोन दिवस बघायला दिलीय.

कव्हरचा उजवीकडचा खालचा कोपरा बोटाच्या पेराएवढा आपोआप सुटलाय. उजव्या अर्ध्यात, मधल्या उंचीवर एक गडद डाग दिसतो. तो खालच्या फोटोतल्या रिंगोचा काळा शर्ट असेल काय? इंटरनेटवर काहीजण केटलीच्या वाफेवर वरचा कागद सोडवताना दिसतात. कोपरा आधीच सुटलाय तर पुढं थोडं सोडवून बघावं असं मनात येतंय. आणि घेतलीच तर आमच्याकडच्या पावसात ती टिकवायची कशी? जांबोटीच्या बाजूची हवा तुम्हाला माहीत आहे, जूनपासून भिंतीसुद्धा घामेजतात.

टिळकवाडी_तेहतीस

वाफ नको. कोपऱ्यालाही हात लावू नका. दोन दिवसांत नुसत्या डोळ्यांनी सगळं कळतं.

आधी कशावर काय चिकटवलंय ते लक्षात घ्या. रॉबर्ट व्हिटेकर यांनी २५ मार्च १९६६ रोजी लंडनमध्ये चौघांचा फोटो काढला. अंगात खाटकाचे पांढरे कोट, मांडीवर मांसाचे तुकडे आणि बाहुल्यांचे मोडके अवयव. हा अल्बम कॅपिटॉलनं अमेरिकेच्या बाजारासाठी जुळवलेला होता, इंग्लंडमध्ये तेव्हा त्या रूपात निघालाच नाही. कव्हरं छापून दुकानदारांकडं आणि रेडिओवाल्यांकडं पोचली आणि बोंब झाली. १४ जूनला कंपनीनं पत्र काढून माल परत मागवला. २० जूनला अल्बम नव्या कव्हरात बाजारात आला. छापलेली कव्हरं टाकून देणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून बऱ्याच कव्हरांवर ट्रंकच्या फोटोचा कागद डिंकानं चिकटवला. साठा संपल्यावर मात्र ट्रंकचा फोटो सरळ कोऱ्या पुठ्ठ्यावर लागू लागला. म्हणून ट्रंकचं कव्हर म्हणजे खाली बुचर असणारच, असं नाही. बहुतेकांच्या खाली काही नसतं.

संग्राहक तीन अवस्था मानतात. कधीच न झाकलेलं कव्हर ही पहिली, वरून चिकटवलेलं ही दुसरी, आणि चिकटवलेलं सोलून काढलेलं ही तिसरी. पन्नास-साठ वर्षं लोक सोलत आल्यामुळं न सोललेली दुसरी अवस्था आता कमी होत चाललीय, आणि एकदा सोललं की परत फिरता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: चांगल्या स्थितीतली दुसरी अवस्था तशीच ठेवावी. ती झाकाझाक हाच त्या कव्हराचा इतिहास आहे.

वाफेनं काय होतं तेही सांगतो. डिंक सगळीकडं सारखा लागलेला नसतो. पातळ जागा लगेच सुटते, जाड जागा धरून ठेवते आणि ओढलं की तिथं खालच्या चित्राची कातडी वरच्या कागदाबरोबर निघून येते. दुसरं म्हणजे वाफ पुठ्ठ्यात मुरते, त्याचे थर फुगतात आणि वाळल्यावर कव्हर पापडासारखं वाकतं.

आता डागाबद्दल. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात रेकॉर्ड बाहेर काढून रिकामं कव्हर धरा. उजेड समोरून पडू द्या. पाठीमागून उपयोग नाही, पुठ्ठ्यातून काही दिसत नाही. ट्रंकच्या उजवीकडं जी पांढरी जागा आहे तिथं मधल्या उंचीवर बघा. खाली बुचर असेल तर रिंगोच्या शर्टाच्या गळ्याचा काळा त्रिकोण दिसतो, टोक खाली. कडा सरळ आणि रंग काळा-राखाडी. डाग तपकिरी असेल, आकार गोलसर असेल, आणि कडेची रेघ मधल्या भागापेक्षा गडद असेल, तर ती ओल आहे.

निपाणी_जुनी_छपाई

वरच्या उत्तरात दोन गोष्टी वाढवतो.

तुमचा कोपरा आपोआप सुटलाय हे एका परीनं बरंच झालं, कारण आता न सोलता खाली बघता येतं. दहापट भिंग घ्या (घड्याळवाले डोळ्याला लावतात ते चालतं) आणि सुटलेल्या भागाच्या खाली बघा. करड्या-तपकिरी पुठ्ठ्याचे तंतू दिसले तर वरचा कागद थेट पुठ्ठ्यावर आहे, म्हणजे खाली चित्र नाही. खाली पांढरा, गुळगुळीत, छपाईचा कागद दिसला तर मात्र थांबा आणि कुणालाही हात लावू देऊ नका. बुचर फोटोची पार्श्वभूमी पांढरी आहे, त्यामुळं कोपऱ्यात रंग दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका.

दुसरं, कडा. त्या काळच्या अमेरिकन कव्हरांत सहसा पुढचा कागद कडेवरून मागं मुडपलेला असतो आणि त्याच्यावर मागचा कागद बसतो. नंतर वरून चिकटवलेला कागद मुडपलेला नसतो, कडेशी सपाट कापलेला असतो. नखानं नाही, बोटाच्या गादीनं कडेवरून हलकंच फिरवा. पुढच्या बाजूला कागदाच्या जाडीची पायरी लागली तर ती खूण मोलाची. पण कोपरा घासून मुडप फाटली असेल तरीही तशीच पायरी लागते, तेव्हा घासलेला कोपरा सोडून वरची कड तपासा.

नकली कव्हरं पण भरपूर फिरतात, म्हणून हेही बघा. भिंगाखाली अल्बमचं नाव आणि गाण्यांची यादी वाचा. अस्सल छपाईत काळी अक्षरं सलग भरलेली आणि कडेला स्वच्छ असतात, ठिपके फक्त फोटोत. कुणी अस्सल कव्हराचा फोटो काढून त्यावरून छापलं असेल तर अक्षरंसुद्धा ठिपक्यांची होतात, आणि फोटोत ठिपक्यांवर ठिपके पडून लाटांसारखी जाळी उमटते. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च असेल तर कागद अंधारात बघा. हल्लीचा शुभ्र केलेला कागद निळसर पेटतो. पण नुसत्या चमकेवर निकाल देऊ नका, शुभ्रक घातलेला कागद साठच्या दशकातही होता. कव्हराचा पुढचा आणि मागचा कागद वेगवेगळा चमकला तर शंका घ्यायला जागा आहे.

आणि आतली रेकॉर्ड त्याच कव्हराची आहे काय? लेबलाजवळच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला क्रमांक २५५३ शी जुळायला हवा. त्रिकोणातली आयएएम (IAM) अक्षरांची खूण असेल तर ती स्क्रँटनच्या कारखान्याची, छोटी चांदणी असेल तर लॉस एंजेलिसची. कव्हर एकाचं आणि तबकडी दुसऱ्याची, हे एकगठ्ठा मालात नेहमी होतं.

खानापूर_एलपी

दोघांचेही आभार. आज उन्हात बघितलं. डाग तपकिरीच आहे, साधारण रुपयाएवढा, आणि कडेची रेघ मधल्यापेक्षा गडद. टोक वगैरे नाही. कोपऱ्याच्या खाली भिंगातून करडे तंतू दिसतात, पांढरा कागद कुठं नाही. वरच्या कडेला कागद मागं मुडपलेला स्पष्ट दिसतोय. रेकॉर्डवर २५५३ आहे, शेजारी त्रिकोण.

म्हणजे साधं ट्रंक कव्हर. विकणाऱ्यांना फोटो काढून दाखवले, त्यांनी मान्य केलं. आता साध्या भावात गठ्ठा मिळतोय. तो सुटलेला कोपरा फेविकॉलनं बसवू काय?

शहापूर_बांधणी

फेविकॉल नको. तो वाळला की परत सुटत नाही, कागद कडक होतो आणि पुढं कुणाला नीट दुरुस्ती करायची म्हटली तर फाडावाच लागतो. कागदाच्या कामाला गव्हाच्या स्टार्चची खळ लागते, आणि ती आपल्या घरात होते. कुरडईसाठी गहू भिजवून वाटून जो चीक काढतात, तोच. चीक गाळून रात्रभर ठेवला की पांढरा थर खाली बसतो. वरचं आंबूस पाणी ओता, पुन्हा स्वच्छ पाणी घाला, पुन्हा बसू द्या. असं तीनदा. त्यातला एक चमचा चीक आणि पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधासारखं पांढरं जाऊन काचेसारखं झालं की उतरवा. थंड झाल्यावर चाळणीतून घासून काढा. मैद्याची खळ करू नका, त्यात चिकट प्रथिन राहतं आणि कसर त्यावर तुटून पडते.

खळ शिळी वापरू नका, दोन दिवसांत वास मारते. बारीक कुंचल्यानं पुठ्ठ्याला अगदी पातळ लावा, कागदाला नाही, कारण छापलेला कागद ओला झाला की ताणला जातो आणि सुरकुती पडते. कोपरा बसवा, वर बटर पेपर, त्यावर टिपकागद, त्यावर सपाट लाकडी फळी आणि दोन किलोचं वजन. तासाभरानं टिपकागद बदला. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, आत्ताच्या हवेत तीन दिवस ठेवा. रेकॉर्ड त्या काळात कव्हरात घालू नका.

तपकिरी डागाच्या मागं लागू नका. पुसलात तर डाग पसरेल आणि छपाईची चकाकी जाईल.

साठवणीचं सांगतो. आर्द्रतामापक घ्या, साधा चालतो. ४० ते ५० टक्के चांगलं, ६५ च्या वर गेलं की बुरशीला वाट मिळते, आणि खानापूर भागात पावसाळ्यात बंद खोलीसुद्धा ८० च्या वर जाते. मांडणी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा. कौलाखालच्या माळ्यावर तर ठेवूच नका: पावसात ओल, एप्रिलात भट्टी. रेकॉर्ड उभ्या, ताठ, पण बोट सहज शिरेल इतक्या सैल. शंभर एलपी म्हणजे वीस-पंचवीस किलो, त्या बेतानं फळी घ्या.

बाहेरची पिशवी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिनची, ७५ ते १०० मायक्रॉन. नव्या रेनकोटसारखा वास येणारी मऊ पीव्हीसी पिशवी आली तर परत करा. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ उन्हाळ्यात रेकॉर्डवर उतरतो आणि धुक्यासारखा कायमचा थर देतो. पिशवीचं तोंड चिकटवून बंद करू नका, आत ओल अडकते. दुर्मिळ कव्हर असेल तर रेकॉर्ड आतल्या पिशवीत घालून कव्हराच्या मागं, बाहेरच ठेवा. मग कव्हराची शिवण फाटत नाही आणि पुढच्या बाजूला तबकडीचा गोल उमटत नाही. बंद पेटीत ठेवणार असाल तर ५० एलपीला पाव किलो सिलिका जेलपासून सुरुवात करा. निळ्यापेक्षा नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास. डांबरगोळ्या रेकॉर्डशेजारी ठेवू नका.

निपाणी_जुनी_छपाई

बदललेल्या कव्हरांचाच नाद लागला असेल तर पुढचा पैसा कुठं घालायचा ते थोडक्यात.

'स्ट्रीट सर्व्हायव्हर्स', लिनर्ड स्किनर्ड हा रॉक बँड, १९७७. अल्बम १७ ऑक्टोबरला आला, तीन दिवसांनी विमान अपघातात बँडमधली माणसं गेली. कव्हरावर ते ज्वाळांत उभे होते, म्हणून ते मागं घेऊन काळ्या पार्श्वभूमीचा फोटो पुढं आणला. पण ज्वाळांच्या प्रती आधीच भरपूर विकल्या होत्या, त्यामुळं 'अतिदुर्मिळ' म्हणून कुणी भाव चढवला तर देऊ नका. रोलिंग स्टोन्सच्या 'सम गर्ल्स' (१९७८) मध्ये कव्हराला भोकं आहेत आणि प्रसिद्ध चेहरे आतल्या पाकिटावर छापलेत. तक्रारी आल्यावर चेहरे काढले. इथं फसवणूक सोपी: बाहेरचं पहिलं, आतलं नंतरचं. दोन्ही तपासा. त्यांच्याच 'स्टिकी फिंगर्स'चं (१९७१) स्पेनमधलं कव्हर नेहमीच्या खऱ्या झिपऐवजी डब्यातल्या बोटांचं आहे आणि एक गाणंही बदललंय, ते मिळालं तर सोडू नका. झिपवाल्या प्रतीत झिप अर्धी खाली ओढून ठेवा. वर बंद राहिली की शेजारच्या रेकॉर्डच्या खोबणीवर दाब पडतो. अर्ध्यावर असली की तो लेबलावर जातो.

आपल्याकडच्या कव्हरांनाही हाच नियम लावा. कोलकात्याजवळच्या डमडमच्या (एचएमव्हीच्या) कारखान्याच्या रेकॉर्डींत कव्हराचा पाठभाग, कणा आणि लेबल या तिन्हींवरचा क्रमांक एकच हवा. सत्तरच्या दशकातलं म्हणून दिलेल्या कव्हरावर 'सारेगामा' (त्याच कंपनीचं नंतरचं नाव) दिसलं तर ते कव्हर २००० नंतरचं. पुन्हा छापताना चित्र, रंग, कधी कधी नावाची अक्षरंही बदलतात, आणि हे बदल नोंदवणारे फार थोडे आहेत. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत जन्मले, पण त्यांच्या एलपींची सगळी कव्हरं शेजारी शेजारी ठेवून बघणारे बेळगावात किती असतील? तिथं भाव अजून हाताशी आहेत.

टिळकवाडी_तेहतीस

एक राहिलं. त्या ४० मध्ये ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या, जड तबकड्या मिसळलेल्या असतील तर वेगळ्या काढा. बुरशी पुसायला विनाइलवर पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण ७८ बहुतेक लाखेच्या असतात आणि अल्कोहोलनं लाख विरघळते. त्यांना डिस्टिल्ड पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून, खोबणीच्या दिशेनं मऊ ब्रश, आणि लगेच पुसून उभ्या वाळवा. बुरशी आधी अंगणात कोरड्या ब्रशनं झाडा, तोंडाला मास्क लावून. घरात झाडलीत तर ती बाकीच्या कव्हरांवर जाऊन बसेल.

खानापूर_एलपी

७८ च्या सहा निघाल्या, वेगळ्या ठेवल्या. चिकासाठी गहू आजच भिजवायला घातलेत.