दुष्काळात पाझर तलावातील मासळी केव्हा काढावी आणि किती राखावी?

पूर्वसिन्नर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सिन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील आमच्या गावच्या पाझर तलावात आमची मच्छीमार संस्था दरवर्षी पावसाळ्यात कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडते. २०२३ मध्ये ऑगस्ट महिना कोरडा गेला आणि ऑक्टोबरअखेर शासनाने जे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यांत आपल्या नाशिक जिल्ह्यातील सिन्नर, येवला आणि मालेगाव हे तीन होते. त्या हंगामात पौषातच तलावाचे पाणी मागे हटू लागले. फाल्गुनात उरलेल्या उथळ पाण्यात पहाटेच्या वेळी मासे वर येऊन तोंडाने हवा ओढताना दिसत आणि उन्हे चढली की पुन्हा खाली जात. पुढे एका ढगाळ रात्रीनंतर काठाला मेलेल्या कटल्यांची रांग लागली. त्यांत मोठेच मासे अधिक होते.

यंदाही पावसाने ओढ दिली आहे. तलावावर उन्हाळ कांदा आणि डाळिंब यांच्या मोटारी आहेत, आणि त्या बंद करा असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? मासळी कधी काढावी, सगळी काढावी की काही राखावी, याबद्दल जाणत्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जलजीव

मी मत्स्यशास्त्र शिकलो आहे, म्हणून आधी कारण सांगतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच. म्हणजे पाणी जितके तापेल तितका साठा कमी आणि माशांची गरज मात्र जास्त. त्यात पाणी आटल्यामुळे तेवढीच मासळी, तेवढेच शेणखत आणि तेवढाच गाळ कमी पाण्यात कोंडला जातो आणि शेवाळ माजते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तोच वापरते. त्यामुळे सूर्योदयाच्या आधीची वेळ सर्वांत वाईट असते आणि आदल्या दिवशी आभाळ भरलेले असेल तर ती आणखी वाईट. कटला-रोहूला लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असला म्हणजे बरे चालते. ३ च्या खाली गेला की ते गुदमरू लागतात.

मासे पहाटे वर येताना दिसले की त्याच दिवसापासून खाद्य आणि शेण टाकणे पूर्ण थांबवावे. शक्य असेल तर एखादी मोटार पहाटे चालवून तलावाचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तलावात सोडावे. मात्र याने चार-आठ दिवस निभावतात, उन्हाळा निभावत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून माझे मत स्पष्ट आहे: मासे वर येऊ लागण्याची वाट न पाहता माघ सरण्यापूर्वीच मोठी मासळी टप्प्याटप्प्याने काढून विकावी. या तिन्ही जाती साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत आणि पुढच्या वर्षीचे बीज तुम्हाला बाहेरूनच आणावे लागणार आहे. तेव्हा वंशासाठी म्हणून कटला राखण्यात काही अर्थ नाही.

गिरणाकाठ

वरील उत्तरात कटला-रोहूबद्दल जे म्हटले आहे ते मला मान्य आहे, परंतु तलावात फक्त सोडलेलीच मासळी असते असे नाही. मरळ आणि वाम या आपल्या मूळच्या जाती आहेत आणि त्यांचे बीज कोणी विकत आणून सोडत नाही. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे गढूळ डबक्यातही ती तग धरते, पण शेवटचे पाणी उरले की माणसे मच्छरदाणीच्या कापडाने ते उपसून काढतात आणि त्यात तीही संपते. त्यानंतर पाऊस झाला की चिलापी (तिलापिया, ही बाहेरची जात) हातपाय पसरते, कारण ती साचलेल्या पाण्यातच वारंवार विते. दुष्काळानंतर ‘तलावात चिलापीशिवाय काही मिळत नाही’ अशी जी तक्रार आपण ऐकतो, तिचे मूळ पुष्कळदा याच शेवटच्या उपशात असते.

म्हणून माझे म्हणणे असे की मोठी मासळी माघात काढावी, पण जुन्या ओढ्याच्या वाटेवर जो डोह राहतो, तिथे बारीक जाळे घालू नये आणि त्या पातळीखाली मोटारीही लावू नयेत. कांदेवाल्यांशी हे बोलायचे असेल तर दिवाळीच्या सुमारास, तलावात पाणी असतानाच बोलावे. चैत्रात पिके सुकू लागल्यावर कोणी ऐकत नाही आणि ऐकावे अशी अपेक्षाही नसावी. भिंतीच्या दगडावर रंगाने खूण करून ‘याच्या खाली उपसा नाही’ असा ठराव ग्रामसभेत घेतला, तर वाद पुष्कळ कमी होतात.

पूर्वसिन्नर

दोघांचेही आभार. डोह राखण्याची सूचना पटते. परंतु आमच्या डोहात गाळ इतका आहे की काठी खुपसली तर ती सहज आत जाते. उन्हाळ्यात यंत्राने गाळ काढून डोह खोल केला तर चालेल का?

बांधबंदिस्ती

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेखालील कामे मी जवळून पाहिली आहेत, म्हणून सावध करतो. पाझर तलाव मुळात पाणी मुरावे आणि खालच्या विहिरींना मिळावे यासाठीच बांधलेला असतो. तळाला बसलेला बारीक चिकण गाळ ते मुरणे अडवतो. तो सरसकट खरवडून नेला तर विहिरींना लाभ होतो, पण तलाव लवकर कोरडा पडतो, म्हणजे शेतकऱ्याचे आणि मच्छीमाराचे हित इथे एकमेकांच्या विरुद्ध जाते. तेव्हा तलावाच्या उरलेल्या भागातील गाळ शेतांना द्यावा आणि डोहात मात्र वरचा सैल, काळा, वास येणारा थर तेवढा काढून खालची चिकणमाती तशीच ठेवावी. मुरूम लागेपर्यंत खोदू नये. भिंतीच्या पायथ्याशी तर यंत्र नेऊच नये.

आणखी एक गोष्ट. पाणी हटलेल्या जागेत गाळपेर (ओल्या गाळात केलेली पेरणी) होत असेल तर तिथे कीटकनाशके फवारू नयेत, असे आताच ठरवून घ्यावे. पहिल्या पावसात ती जमीन पाण्याखाली जाते आणि तुम्ही नव्याने आणलेली बोटुकली त्याच उथळ पाण्यात सोडली जातात.