स्वतःचीच जुनी डायरी सापडली आणि २९ वर्षं जे आठवत होतं ते तसं नव्हतंच. मग मी स्वतःला ओळखते म्हणजे नक्की काय?

कृष्णाकाठची

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात कराडचं घर रिकामं करायला गेले होते. बाबा २०१९ ला गेले, आई आता दादाकडे असते, घर भाड्याने द्यायचं ठरलंय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत माझी १९९६ ची डायरी सापडली, दहावीचा रिझल्ट लागला तेव्हाची. मी अशी काही डायरी लिहायचे हेच विसरून गेले होते.

आता मागचं सांगते. मला लहानपणापासून चित्रकलेचं वेड. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड होती. आणि मी आजवर सगळ्यांना हेच सांगत आलेय की मला पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजला जायचं होतं, बाबांनी जाऊ दिलं नाही, जबरदस्तीने सायन्सला घातलं. मैत्रिणींना सांगितलं, नवऱ्याला लग्न ठरताना सांगितलं, मुलीला तर शंभरदा सांगून झालंय. नुसतं सांगण्यापुरतं नाही, मला ते दिसतं. बाबा झोपाळ्यावर बसलेत, हातात पेपर आहे, मान वर न करता म्हणतायत की चित्रं काढून पोट भरत नाही. त्यांचा आवाज ऐकू येतो मला.

डायरीत जून महिन्यात माझ्याच अक्षरात असं लिहिलंय: "बाबा परत म्हणाले पुण्याचा फॉर्म आणू का. मी नको म्हणाले. होस्टेलवर राहायची भीती वाटते. ग्रुपमधल्या सगळ्याजणी सायन्सलाच चालल्यात. बाबा म्हणाले नक्की ना? नंतर म्हणू नकोस."

मी माळ्याच्या शिडीवर बसून ते पान दहा-बारा वेळा वाचलं असेल. झोपाळ्याचं काही नाही, पोट भरत नाही वगैरे काही नाही, पुढची मागची सगळी पानं चाळली.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? २०१२ ला एकदा मी त्यांना तोंडावर बोलले होते. मुलगी वर्षाची होती, नोकरी सोडावी लागली होती, चिडचिड व्हायची, आणि कशावरून तरी मी म्हणाले की तुम्ही माझं आयुष्य ठरवलंत. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "असेल बाई. तसं झालं असेल तर चुकलंच माझं." मी ते कबुली म्हणून धरलं. आता वाटतं त्यांना तरी आठवत होतं का, की आठवत असूनही ते बोलले नाहीत?

मी आता ४५ ची आहे. "मला अडवलं गेलं" ह्या एका गोष्टीवर मी माझा अख्खा स्वभाव बसवलाय, माझा राग, मुलीच्या बाबतीतले माझे निर्णय, सगळं. ती गोष्टच नव्हती तर मी कोण? ती सोळा वर्षांची मुलगी आणि मी एकच असू तर मला तिची एवढी मोठी गोष्ट माहीत कशी नाही? माणूस बदलत जातो हे कळतं मला, पण बदलताना मागचं पण बदलत गेलं तर स्वतःला ओळखायचं कशाच्या आधारावर?

---

खडूफळा

ताई, मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून आधी एक गोष्ट सांगतो, तुम्ही खोटं बोलत नव्हता. हा फरक फार मोठा आहे आणि तो आधी मनात पक्का करा.

१९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर लगेच फुटलं. उल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कुणी सांगितलं, काय करत होता. मग साधारण अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न परत विचारले. जवळजवळ पाव विद्यार्थ्यांचं सगळंच्या सगळं चुकलं, जागा वेगळी, माणसं वेगळी, आणि तरी ते एकदम खात्रीने सांगत होते. त्यांचाच स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी मूळ आठवण काही परत आली नाही. तुम्ही शिडीवर बसला होता ना, अगदी तेच.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नसते, दरवेळी आठवताना आपण ती नव्याने मांडतो आणि त्या मांडणीत आजची गरज मिसळते. तुम्ही ती पंचविशीत सांगितली तेव्हा थोडी वेगळी असेल, मग लग्नाच्या वेळी थोडी, मग नोकरी सुटली तेव्हा बरीच. झोपाळा खरा असेल, पेपर खरा असेल, ते वाक्य कदाचित शेजारच्या कुणा काकांचं असेल, आणि सगळं मिळून एक सीन झाला.

आणि हे फक्त मागच्या बाबतीत होतं असं नाही. २०१३ मध्ये सायन्स ह्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांना विचारलं की गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल. प्रत्येक वयाचे लोक मागे बघून म्हणाले खूप बदललो, पण पुढे फार नाही बदलणार. प्रत्येकाला वाटतं आपलं घडायचं होतं ते घडून झालं. माझ्या वर्गातली सतरा वर्षांची पोरं पण असंच बोलतात आणि स्टाफरूममधले रिटायरमेंटला आलेले सर पण.

---

पाटावरवंटा

एकच विचारते. डायरी घरात कुठे ठेवायचात? कुणी वाचायचं का? मी पण त्या वयात लिहायचे आणि आई वाचते हे माहीत असल्यामुळे अर्धं आईसाठी लिहिलेलं असायचं. लिहिलेलं आहे म्हणून ते खरं आणि आठवतं ते खोटं, इतकं सरळ मला तरी वाटत नाही.

---

नागसेनवन

ताई, मी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या संभाजीनगरच्या मिलिंद कॉलेजचा विद्यार्थी. बाबासाहेबांनी १९५० ला ते काढलं, आणि मिलिंद नाव ज्या राजावरून आहे त्याचा आणि तुमच्या प्रश्नाचा थेट संबंध आहे म्हणून लिहितोय. आम्ही तिथे तीन-तीन वर्षं काढली आणि आमच्यातल्या निम्म्या पोरांना नावामागची गोष्ट माहीत नव्हती ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा, इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकातला, राजधानी सागल, आजच्या सियालकोटकडे. त्याचे आणि भिक्खू नागसेन यांचे संवाद पालीत आहेत. राजा विचारतो की जो जन्मला तोच मोठा होतो की वेगळा? नागसेन म्हणतात तोही नाही आणि वेगळाही नाही. राजाला पटत नाही. मग ते दिव्याचं सांगतात, रात्रभर जळणारा दिवा, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग वेगवेगळे दिवे होते का? तेही नाही, त्याच दिव्याच्या आधाराने रात्रभर जळली. मग दुधाचं सांगतात, दुधाचं दही होतं, लोणी होतं, तूप होतं. तूप म्हणजेच दूध असं कुणी म्हणत नाही, पण दूध नव्हतंच असंही नाही.

मला ह्यात दूध-तुपाचं सगळ्यात जवळचं वाटतं. तुपाला दुधाची चव आठवत नाही, तरी ते त्या दुधाचंच आहे. तुमचं सोळाव्या वर्षाशी नातं आठवणीने नाही तर जे घडत गेलं त्याने आहे. नको म्हणालात, सायन्सला गेलात, राग धरलात, तो राग मुलीपर्यंत आला, ही साखळी तर खरीच आहे ना, एखादी कडी चुकीची आठवली तरी.

आणि अजून एक आहे त्यात, आंबेचोराचं. एकजण दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि म्हणतो की ह्याने लावले ते आंबे वेगळे होते, मी तोडले ते वेगळे. तरी तो दोषी ठरतो, कारण हे त्या लावलेल्या आंब्यांतूनच आले. म्हणजे "ती मी वेगळीच होते" असं म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत, तुम्हाला नाही आणि मलाही नाही. हे तुम्हाला टोचायला नाही लिहिलं, माझा स्वतःचा एका मित्राशी असाच हिशोब बाकी आहे, म्हणून ते आंब्याचं डोक्यातून जात नाही.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. पाटावरवंटा ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्रभर झोप नाही लागली. डायरी मधल्या खोलीतल्या फडताळात असायची, कुलूप वगैरे काही नाही, आई तिथेच हिशोबाची वही ठेवायची. ती वाचत असणार आणि मला ते माहीत असणार.

मग दादाला फोन केला. तो म्हणाला त्या जूनमध्ये त्याच्या इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायला बाबांनी पीएफमधून पैसे काढले होते आणि ते बोलणं रात्री जेवताना झालं होतं, "तू पण होतीस की ताटावर". मला ह्यातलं अक्षरही आठवत नाही. पुण्याचा फॉर्म नको म्हणाले ते होस्टेलच्या भीतीने, मैत्रिणींमुळे, की पीएफचं ऐकून? आणि भीती वाटते असं लिहिलं ते आईने वाचलं तर तिला वाईट वाटू नये म्हणून? मी आता स्वतःलाच विचारतेय आणि आतून उत्तर येत नाही.

---

आजचादिवस

इथे पहिल्यांदाच लिहितोय. मी दारू सोडून ११ वर्षं झाली. आमच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला आजही उभं राहून मी असंच सांगतो की मी अमुक, मी बेवडा आहे. होतो असं नाही म्हणत, आहे म्हणतो. बायकोला सुरुवातीला ते फार खुपायचं, ती म्हणायची तुम्ही आता तसे नाही आहात मग का म्हणता. पण माझ्यासाठी ते गरजेचं आहे, मी बदललो हे जितकं खरं तितकंच तो माणूस माझ्यातच बसलाय हेही खरं, आणि त्याला विसरलो की धोका.

तुम्हाला लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्याकडे सुधारण्याच्या बारा पायऱ्या असतात, त्यातली चौथी म्हणजे स्वतःचा सगळा आढावा कागदावर लिहायचा, कुणाला काय दुखावलं, कशाचा राग धरला. मी चाळीस पानं लिहिली आणि मला वाटलं आता मी स्वतःला पुरता ओळखला. मग बायकोला दाखवली. तिने वाचली आणि तीन गोष्टी सांगितल्या ज्या त्यात नव्हत्याच. मी लपवल्या नव्हत्या हो, शुद्धीत नव्हतो तेव्हाच्या होत्या, मला माहीतच नव्हत्या. एकीत माझी मुलगी होती. म्हणजे माझ्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट माझ्याकडे नव्हती, बायकोकडे होती, आणि ती नऊ वर्षं एकटी ती घेऊन बसली होती. तुमची पण काही पानं तुमच्या दादाकडे होती, आईकडे असतील. आई आहेत ना अजून, विचारा त्यांना, लवकर विचारा.

आणि वडिलांचं. आठव्या-नवव्या पायरीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून त्यांच्याकडे जाऊन चूक मान्य करायची असते. माझे वडील मी सुधारायच्या आधीच गेले. मी पत्र लिहिलं आणि आमच्या शेतात त्यांच्या समाधीपाशी बसून मोठ्याने वाचलं. लोकांना वाटेल काय वेडेपणा, पण मोठ्याने वाचताना दोन ठिकाणी आवाज फुटला नाही आणि तेव्हा कळलं की लिहिताना मी कुठे स्वतःला सांभाळून घेतलं होतं. तुमचे बाबा म्हणाले "तसं झालं असेल तर चुकलंच माझं". मी बाप आहे. मुलगी माझ्यासमोर रडत असेल तर मी पण कागदपत्रं काढून बसणार नाही, मी पण हेच म्हणेन.

---

खडूफळा

दादा, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. ११ वर्षांबद्दल मनापासून अभिनंदन.

ताई, एक सुचवतो. आत्ता तुमच्या भावाकडून जे कळलं ते तारखेसकट लिहून ठेवा, तुम्हाला आज काय वाटतं तेही. नाहीतर पाच वर्षांनी "मी पीएफचं ऐकून त्याग केला" अशी नवी गोष्ट तयार होईल आणि तीही तितकीच खरी वाटेल. आणि आईंना विचारताना आधी तुम्ही काही सांगू नका, नुसतं विचारा की माझ्या दहावीनंतर काय झालं होतं. आपण आधी सुचवलं की समोरच्याला तसंच आठवायला लागतं.

---

कृष्णाकाठची

आजचादिवस दादा, तुमचा शेवटचा भाग मी नवऱ्याला वाचून दाखवला, पूर्ण नाही वाचता आला.

रविवारी आईकडे जाऊन आले. सर म्हणाले तसं काही न सुचवता विचारलं. आई ८१ ची आहे, बरंच विसरते. म्हणाली, "तू फार रडत होतीस त्या सुट्टीत. का ते मला कधी सांगितलं नाहीस." एवढंच. मग म्हणाली बाबा पुण्याला जाऊन एक फॉर्म घेऊन आले होते, तो त्यांनी पुढे किती दिवस कपाटात ठेवला होता. फॉर्म आणू का म्हणून विचारत होते तेव्हा तो आणलेलाच होता की नंतर आणला, ते तिला सांगता येत नाही.

सगळं तारीख घालून लिहून ठेवलंय वहीत. तीन रकाने केलेत, मला आठवतं ते, डायरीत आहे ते, आई आणि दादा सांगतात ते. जुळतंय असं फार थोडं आहे.

मुलीला पण सांगितलं सगळं. ती नववीत आहे, तिला मी पाचवीपासून ड्रॉइंगच्या क्लासला घालतेय, आणि दरवेळी कंटाळा केला की तेच ऐकवायचे, मला मिळालं नाही, तुला मिळतंय. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इंटरमिजिएटला बसायचंच असं काही नाही ना?" मी म्हटलं नाही, तू ठरव, आणि जे ठरवशील ते का ठरवलं ते कुठेतरी लिहून ठेव, मी वाचणार नाही.

चार-पाच दिवसांत सांगते म्हणाली.